प्रिंटरची शाई का गळते?



आज आम्ही आपल्याशी प्रिंटरविषयी बोलणार आहोत. प्रिंटर म्हणजे कागदावर छापून देणारे यंत्र. सातबारा, शाळेचे अर्ज, दाखले, बिले असे कितीतरी कागद आता या यंत्रातून निघतात. मुरुडात काय, दापोलीत काय, जिथे चार कागद लागतात तिथे प्रिंटर असतोच. आपल्या वर्गातही एक आहे. त्याने एप्रिलअखेर काय घोटाळा केला, तेही तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे.

त्या घोटाळ्यात एक डाग कागदावर पडला आणि एक डाग माणसावर पडला. दोन्ही कसे पडले, ते आधी सांगतो. मग शाई का गळते आणि यंत्र साफ कसे करायचे, ते पाहू.

झाले असे. वर्गाच्या खोलीची कौले परतायला काढली होती. धूळ फार उडत होती. म्हणून प्रिंटर आम्ही आठ दिवस आमच्या घरी नेऊन ठेवला. काम संपल्यावर तो रिक्षातून परत आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीप्रमाणे वर्ग भरला.

आपल्या वर्गात एक ताई वरच्या वाडीतून येतात. त्या इथेच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगतो आहे. त्यांच्या वाडीत जायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे. पाखाडी उंच, पायऱ्या झिजलेल्या, आणि रात्री मिट्ट काळोख. वर्ग सुटला की ताई आणि त्यांच्या दोघी सोबतिणी बॅटरीच्या उजेडात ती पाखाडी चढतात.

या ताईंनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. “आमच्या पाखाडीवर एक दिवा लावावा,” एवढीच मागणी. अर्ज एका पानाचा, पण त्याला तीन संध्याकाळी लागल्या. खाली त्यांनी सही केली. अंगठा नव्हे, सही! १ मे रोजी ग्रामसभा होती. तिथे तो अर्ज द्यायचा होता. एक प्रत आपल्याकडे असावी म्हणून ताई तो अर्ज घेऊन प्रिंटरपाशी गेल्या.

त्यांनी झाकण उघडले, अर्ज काचेवर पालथा ठेवला, झाकण लावले आणि बटण दाबले. आम्ही शिकवले होते तसेच केले. प्रत बाहेर आली ती काळ्या पट्ट्यांची. ताईंनी आपला अर्ज काचेवरून उचलून टेबलावर ठेवला. तेवढ्यात प्रिंटरच्या बुडातून काळी शाई ओघळत आली. टेबलावर पसरली आणि अर्जाखाली शिरली. पाहता पाहता अर्धा अर्ज काळा झाला. सही होती तिथेच सगळ्यात मोठा डाग पडला.

आम्ही लांबूनच ओरडलो, “तरी सांगत होतो, बटण जोराने दाबू नका म्हणून!”

सगळा वर्ग ऐकत होता. ताईंनी हात पुसले. “माझ्याच हातानं बिघडला, गुरुजी,” एवढे म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढे चार दिवस त्या वर्गाला आल्या नाहीत. १ मेची ग्रामसभा होऊन गेली. दिव्याचा अर्ज तिथे पोचलाच नाही.

मग दापोलीहून प्रिंटर दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने यंत्र उघडले नाही. आधी एकच प्रश्न विचारला.

“गुरुजी, हा कधी आडवा ठेवला होता का?”

आम्ही म्हणालो, “रिक्षात जागा नव्हती. म्हणून येताना कडेवर उभा ठेवला होता. घटकाभरच.”

“मग शाई तेव्हाच आत सांडली. दुसऱ्या दिवशी बटण कुणीही दाबलं असतं, तरी हेच झालं असतं.”

मंडळी, त्या मुलाने आधी कारण विचारले. आम्ही आधी माणूस धरला. नवीन शिकलेली बाई, हातात यंत्र, आणि यंत्र बिघडले. आम्हाला वाटले, हिनेच बिघडवले. डोळ्यांनी पाहिल्यासारखे बोललो. पाहिले मात्र काहीच नव्हते.

आपल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तुम्हाला ठाऊक आहेत. पुढे ते महर्षी झाले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. लहानपणी ते इथून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले होते. भर पावसात, डोंगर ओलांडून. तिथे पोचल्यावर त्यांना सांगण्यात आले की, तू वयाने लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. दिसण्यावरून ठरवले आणि पोराला परत पाठवले. ही गोष्ट आम्ही शाळेत वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. सांगताना त्या परीक्षकांचा राग येई. आणि आम्ही स्वतः काय केले? तेच केले.

त्याच संध्याकाळी आम्ही पाखाडी चढून ताईंच्या घरी गेलो.

“ताई, चूक आमची आहे. यंत्र आम्ही आडवे ठेवले, म्हणून शाई सांडली. तुमच्या हाताचा काही दोष नाही.”

ताईंनी पाणी दिले. जरा वेळाने म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही बोललात ते सगळ्यांसमोर. मग हेही सगळ्यांसमोर सांगा की!”

“सांगतो.”

“आणि ते यंत्र साफ कसं करतात, ते मला शिकवा. पुन्हा गळलं तर मी पळून जाणार नाही.”

म्हणून मंडळी, आजचे हे भाषण. पहिली मागणी आता पुरी झाली. दुसरीकडे वळू.

आधी हे पहा की, शाई एरवी गळत का नाही. प्रिंटरमध्ये शाई पातळ असते, पाण्यासारखी. कागदावर जिथून ती उडते, त्या भागाला हेड म्हणतात. हेडला खालून शेकडो भोके असतात. एकेक भोक आपल्या केसापेक्षाही बारीक. त्यातून शाईचे जे थेंब उडतात, ते इतके लहान असतात की पाण्याच्या एका साध्या थेंबात असे लाखो थेंब मावतील. आता विचार करा. तळाला शेकडो भोके, वर पातळ शाई. तरी ती खाली पडत नाही. ती कोण धरून ठेवतो?

याचे उत्तर शहाळ्याच्या नळीत आहे. हे पहा, आम्ही शहाळ्यात नळी घातली. नळीच्या वरच्या तोंडावर बोट दाबून धरले. नळी बाहेर काढली. पाणी आतच राहिले! खालचे तोंड उघडे आहे, तरी पाणी पडत नाही. आता बोट उचलतो. पडले पाणी. म्हणजे वरून वारा आत शिरला की पाणी सुटते. वारा अडवला की पाणी थांबते.

प्रिंटरमध्ये हेच असते. शाईच्या डबीत किंवा टाकीत वारा हळूहळू आणि मोजका शिरेल, अशी सोय केलेली असते. जितकी शाई खर्च होते, तितकाच वारा आत येतो. ही सोय बिघडली, वारा जास्त शिरला, की शाई सुटते. शाई गळण्याचे मोठे कारण हेच.

दुसरे कारण उष्णता. आम्ही शाळेत होतो तेव्हा शाईचे पेन वापरत असू. शाईची वडी पाण्यात विरघळवून दौतही भरत असू. १९३१ साली दि. प. दांडेकर यांनी मुंबईत शाईच्या भुकटीचा आणि वड्यांचा धंदा काढला, त्याचेच पुढे कॅमलिन झाले. असो. पेनाची एक गंमत आठवते. पेन भरलेले असताना कमी गळे. शाई संपत आली की जास्त गळे आणि खिशाला डाग पडे. असे का? पेनात शाई कमी झाली की वारा जास्त होतो. हाताच्या आणि अंगाच्या उबेने तो वारा फुगतो. फुगला की शाईला बाहेर ढकलतो. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या खिडकीत प्रिंटर ठेवला तर त्यातही असेच होऊ शकते.

आता प्रिंटरचे दोन प्रकार ध्यानात घ्या. एका प्रकारात शाईची लहान डबी असते. तिला काट्रिज म्हणतात. शाई संपली की डबी बदलायची. दुसऱ्या प्रकारात बाजूला टाक्या असतात आणि बाटलीतून शाई ओतायची. टाकीतून बारीक नळ्यांनी शाई हेडकडे जाते. आपल्या वर्गातला प्रिंटर टाकीचा आहे.

काट्रिज गळते ते बहुधा पुन्हा भरल्यामुळे. काही लोक पैसे वाचवायला सुईने तिच्यात शाई भरतात. भरताना जास्त भरली, किंवा भरण्याचे भोक नीट बंद केले नाही, की आपल्या शहाळ्याच्या नळीवरचे बोट उचलल्यासारखे होते. डबीला चीर गेली असली तरीही तेच.

टाकीचा प्रिंटर गळतो तो बहुधा आडवा केल्यामुळे. टाकीच्या आत वाऱ्यासाठी वेगळी जागा असते. यंत्र कलंडले की शाई त्या जागेत शिरते आणि वाऱ्याच्या वाटेने बाहेर पडते. टाकीचे बूच सैल राहिले, वरच्या खुणेपलीकडे शाई भरली, नळीला चीर गेली, तरीही शाई गळते.

आणखी एक कारण आहे. ते पुष्कळांना ठाऊक नसते. प्रिंटर स्वतःचे हेड मधूनमधून साफ करतो. त्यासाठी थोडी शाई सोडून देतो. ही वाया शाई यंत्राच्या तळाशी एका स्पंजमध्ये मुरते. वर्षे गेली की तो स्पंज भरतो. घरातल्या मोरीचा बोळा भरला की पाणी बाहेर येते, तसे. स्पंज भरत आला की यंत्र सूचना देते. काही लोक ती सूचना नुसती पुसून टाकतात. सूचना पुसली म्हणून स्पंज रिकामा होत नाही. मग एक दिवस शाई टेबलावर येते. स्पंज बदलूनच घ्यावा.

पण थांबा. कागदावर डाग पडला म्हणजे शाई गळलीच, असे नाही. डाग कुठे आहे ते आधी पहा. डाग ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर आतल्या रुळाला शाई लागली आहे. रूळ फिरतो तसा डाग उमटतो. डाग कागदाच्या कडेलाच पडत असेल, तर कागद वाकडा आहे आणि हेडला घासतो आहे. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होतो, त्याच्या कडा वळतात, आणि असे डाग पडतात. तिथे प्रिंटर निर्दोष. कागद बदलला की झाले. मात्र थेंब थेंब शाई पडलेली दिसली, किंवा यंत्राखाली ओल दिसली, तर शाई खरोखर गळते आहे असे समजा.

समजा, गळते आहे. आता काय करायचे? ताई, नीट ऐका. बाकीच्यांनीही ऐका.

पहिली गोष्ट, घाबरू नका. जवळ महत्त्वाचे कागद असतील ते आधी दूर करा. ताईंचा अर्ज आम्ही आधी उचलला असता, तर वाचला असता. आम्ही ओरडत बसलो.

दुसरी गोष्ट, प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. असे केले की हेड आपल्या घरी जाऊन बसते आणि त्याच्यावर झाकण बसते. मग भिंतीवरचे बटण बंद करा आणि वायर काढा. मात्र जळका वास आला, धूर दिसला, किंवा शाई वायरपर्यंत गेली, तर वाट पाहू नका. कोरड्या हाताने भिंतीवरचे बटण आधी बंद करा. नंतर त्या यंत्राला हात लावू नका. कारागिराला बोलवा.

तिसरी गोष्ट, यंत्र तिरके करून खाली डोकावू नका. हाच मोह सगळ्यांना होतो. तिरके केले की आणखी शाई सांडते. दोघांनी धरून ते सरळ उचला आणि खाली जुनी वर्तमानपत्रे जाडसर पसरा.

चौथी गोष्ट, हातात प्लॅस्टिकचे मोजे घाला. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. जुने कपडे घाला. मुलांना लांब ठेवा.

आता साफ करण्याचे सामान. जुने, धुतलेले, मऊ सुती फडके घ्या. ज्याचे धागे सुटतात ते नको. कापूस नको. कापसाचे तंतू आत अडकतात. पाणी डिस्टिल्ड घ्या. गाडीच्या बॅटरीत घालायचे हे पाणी गॅरेजमध्ये मिळते. मागताना नीट सांगा, पाणी पाहिजे, ॲसिड नव्हे. आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. ते सुकले की हेडच्या बारीक भोकांत बसतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतले काहीही वापरू नका. त्यांनी प्लॅस्टिक खराब होते, आणि आग लागण्याचे भय असते.

झाकण उघडा. आत जिथे शाई साचली असेल, तिथे फडके ठेवून ती टिपून घ्या. टिपायची, पुसायची नाही. पुसली की पसरते. पूर्वी टीपकागद असे, तो आठवा. तो आपण शाईवर ठेवत असू, घासत नसू. शाई टिपून झाली की फडके किंचित ओले करून डाग काढा. ओले म्हणजे पिळून घेतलेले. पाणी गळता कामा नये.

आत एक पारदर्शक पातळ पट्टी आडवी ताणलेली दिसेल. तिला हात लावू नका. हेड कुठे आहे, हे यंत्राला त्या पट्टीवरून कळते. पट्टीला डाग लागला की हेड वेड्यासारखे धावते आणि धडकते. चाकांना पांढरे वंगण लावलेले असते, तेही पुसू नका. वरून खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नका.

काट्रिजचा प्रिंटर असेल तर ती डबी बाहेर काढा. तिला तांबड्या-पिवळ्या धातूचे ठिपके असतात. त्यांतून वीज जाते. त्यांना बोट लावू नका. डबीचे तोंड ओलसर फडक्यावर क्षणभर टेकवा आणि उचला. दोनतीनदा करा. मग कोरड्या जागी हलकेच टेकवून पहा. थेंबामागून थेंब येतच राहिला, तर ती डबी गेली. दुसरी घाला. थांबला, तर पुन्हा बसवून पहा.

टाकीचा प्रिंटर असेल तर बुचे घट्ट लावा. शाई खुणेवर आहे की खाली आहे, ते पहा. नळी फुटली असेल किंवा टाकीला चीर असेल, तर ते काम आपले नव्हे. तिथे थांबा आणि कारागिराला बोलवा. कुठे थांबायचे हे कळणे, हेही शिक्षणच आहे.

सगळे पुसून झाले की यंत्र दोनतीन तास उघडे ठेवून सुकू द्या. उन्हात ठेवू नका. मग वायर लावा. रुळाला लागलेली शाई काढायला कोरे कागद एकामागून एक आतून जाऊ द्या. कागद स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करा. पाठकोरे कागदही चालतील, पण टाचणी किंवा पिन राहिलेला कागद नको.

नंतर प्रिंटरमध्ये नमुना छापून पाहण्याची सोय असते, तो छापा. रेघा तुटक आल्या तर हेड साफ करण्याची आज्ञा एकदा द्या. फार तर दोनदा द्या. तरी रेघा तुटक असतील तर यंत्राला रात्रभर विश्रांती द्या आणि सकाळी पुन्हा पहा. दहा वेळा साफ केले तर शाई संपेल आणि तो खालचा स्पंज भरेल. औषध जास्त घेतले म्हणून रोग लवकर जात नाही.

हाताला शाई लागली तर साबणाने धुवा. रंग दोनचार दिवस राहील, मग जाईल. डोळ्यांत उडाली तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मुलाच्या तोंडात गेली तर तोंड पुसून लगेच डॉक्टरांकडे न्या. कपड्याला लागली तर थंड पाण्यात लगेच भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का होतो. शाईचे पाणी विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात ओतू नका. फडकी आणि कागद पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

आता गळूच नये म्हणून काय करावे? प्रिंटर सपाट, भक्कम टेबलावर ठेवा. ऊन लागेल तिथे ठेवू नका. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे. ती धातूला गंज आणते. म्हणून वापरात नसताना यंत्रावर कापड झाका. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. आठवड्यातून एकदा सगळ्या रंगांचे एखादे पान छापा, म्हणजे शाई हेडमध्ये सुकणार नाही. शाई खुणेपर्यंतच भरा. पिवळ्याच्या टाकीत पिवळी, निळ्याच्या टाकीत निळी. बाटलीवरचे नाव वाचा आणि मगच ओता. वाचता येते ना आता? मग वाचा!

आणि हलवायची वेळ आली तर बुचे घट्ट करा. काही प्रिंटरना शाई अडवायची एक कळ असते. ती असेल तर बंद करा. यंत्र सपाट ठेवा आणि खाली प्लॅस्टिक अंथरा. रिक्षात जागा नसेल तर दुसरी फेरी करा. आम्ही एका फेरीचे भाडे वाचवले आणि ताईंचा अर्ज घालवला. हा हिशोब कोणत्याही बाजूने जमत नाही.

दोन शब्द कागदांविषयी. अशा प्रिंटरची पुष्कळशी शाई पाण्याने पसरते. छापलेला दाखला पावसात भिजला तर अक्षरे पुसट होतात. म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याच्या छापील प्रतीवर डाग पडला तर जीव टाकू नका. मूळ नोंद सरकारी संगणकात आहे. थोडे शुल्क भरून दुसरी प्रत निघते. पण आजोबांच्या वेळचे खरेदीखत, जुना हस्तलिखित दाखला, हे एकदा गेले की गेले. असा कागद प्रिंटरच्या कागद ओढणाऱ्या तोंडात कधीही घालू नका. काचेवर ठेवा, नक्कल काढा आणि लगेच पिशवीत घाला. प्रिंटरशेजारी ठेवून गप्पा मारू नका.

जाता जाता एक खरी गोष्ट सांगतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीत एक संशोधक काम करत होता. शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून तापलेली डाख द्यायची सळई लागली. त्याबरोबर सुईतून शाईचा थेंब उडाला. दुसरा कुणी असता तर ‘कुणी सळई इथे ठेवली?’ म्हणून भांडला असता. यांनी विचारले, थेंब का उडाला? उष्णतेने शाईत बुडबुडा झाला आणि त्याने थेंब ढकलला, हे ध्यानात आले. त्यावरून शाई उडवणारे प्रिंटर तयार झाले. अमेरिकेत हेवलेट पॅकार्ड कंपनीच्या लोकांनीही आपल्या वाटेने हीच युक्ती शोधली आणि १९८४ साली त्यांचा असा प्रिंटर बाजारात आला. काही प्रिंटर बुडबुड्याऐवजी विजेने वाकणाऱ्या लहानशा तुकड्याने शाई ढकलतात. पण मुद्दा तो नाही. शाई उडाली तेव्हा कुणी कारण शोधले, म्हणून हे यंत्र जन्माला आले. आपल्याकडे शाई सांडली तेव्हा आम्ही माणूस शोधला. त्यातून काय निघाले? चार दिवसांची गैरहजेरी आणि एक काळा कागद.

चला, उजळणी करू. आम्ही विचारतो, तुम्ही सांगा. शाई सांडली, आधी काय? कागद दूर. मग? प्रिंटर त्याच्या बटणाने बंद. तिरका करायचा का? नाही! पाणी कोणते? डिस्टिल्ड. पुसायची की टिपायची? टिपायची. हेड किती वेळा साफ करायचे? एकदा, फार तर दोनदा. नळी फुटली तर? कारागीर. आणि रागावायचे कुणावर? आधी कारण शोधायचे. छान!

परवा ताईंनी आमच्यासमोर हा प्रिंटर साफ केला. आम्ही नुसते सांगत होतो, हात त्यांचे होते. तेरावा कोरा कागद स्वच्छ बाहेर आला. मग त्यांनी तो अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी एकाच संध्याकाळी लिहून झाला. त्याच्या दोन प्रती काढल्या. बटण त्यांनीच दाबले. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, दुसरीवर पोच घेतली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ताई स्वतः उभ्या राहून तो वाचणार आहेत. दिवा लागेल तेव्हा लागो. तोवर वर्ग सुटल्यावर आम्ही बॅटरी घेऊन पाखाडीच्या पायथ्यापर्यंत त्यांच्याबरोबर जात जाऊ. तीन महिन्यांची दिरंगाई आमच्यामुळे झाली आहे, तेव्हा एवढे तरी आमच्याकडे लागते.

आजपासून या प्रिंटरची देखभाल ताईंकडे आहे. काही बिघडले तर आधी त्यांना विचारा. आम्हालाही तोच नियम.

नमस्कार.